खाऱ्या हवेतली जुळणी

क्रांती ठाकूर आपल्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर दाखवत नाही. ती त्याच्या हातात वीतभर तांब्याची तार ठेवते. विजेच्या जुन्या वायरीचं प्लास्टिक सोलून काढलेली, पॉलिशपेपरने घासून लखलखीत केलेली. कॉम्प्युटर जिथे ठेवायचा आहे तिथे, त्याच उंचीवर, ही तार आठ दिवस टांगायची. हात लावायचा नाही. आठ दिवसांनी घेऊन यायची. मग बोलू.

"गेमिंगचा पीसी मागितला, ताई. ताईत नाही मागितला," असं एकदा एका कॉलेजच्या पोराने तिला ऐकवलं होतं.

"ताईतच आहे तो," क्रांती म्हणाली. "बांध घरी."

उरणच्या बाजारातून मोरा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दहा बाय बाराचं दुकान आहे. वय चौतीस. मराठी शाळा, मग इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग सहा वर्षं कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बिघडलेले कॉम्प्युटर उघडण्याची नोकरी, आणि गेली सात वर्षं हे दुकान. नवे लोक अजूनही काउंटरवर तिला पाहून आत डोकावतात आणि विचारतात, "आत कोणी आहे का?" ती सांगते, "आत खोके आहेत. बोला."

तार काय सांगते, ते तिला वाचता येतं. चिरनेरच्या बाजूच्या गावातून, डोंगराच्या आडोशातून आलेली तार आठ दिवसांत फक्त तपकिरी होते, चहाच्या डागासारखी. केगाव-नागावच्या समुद्रासमोरच्या घरातून आलेल्या तारेवर हिरवे ठिपके धरलेले असतात. गेमचा कॉम्प्युटर जोडून घेताना बहुतेक लोक आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि बाकीचे भाग त्याला जुळवत जातात. क्रांती आधी हवा ठरवते. हवेवरून कॅबिनेट, कॅबिनेटवरून पंखे, पंख्यांवरून किती तापणारं कार्ड झेपेल ते. सुट्या भागांची निवड तिच्याकडे अशी उलट्या बाजूने सुरू होते आणि तिच्या कॉम्प्युटरांचं आयुष्य तालुक्यात सगळ्यांत जास्त आहे, असं ती स्वतःच म्हणते. ते खोटंही नाही.

मीठ तिने लहानपणापासून पाहिलं. तिचे वडील तुळशीराम भेंडखळच्या बाजूच्या मिठागरात राबले. जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत ते बांधावरच असत. खाडीचं पाणी कोंड्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, घ्यायचं, उन्हा-वाऱ्यावर आटवायचं, ओढून ढीग करायचे. त्या पांढऱ्या ढिगांचं कौतुक बाहेरच्यांना. घरात त्याचा हिशेब वेगळा होता. फावड्याचं पातं दोन वर्षांत चाळणी होई, सायकलची साखळी एका पावसाळ्यात जाई. बारा वर्षांची असताना क्रांतीने वडिलांचा बंद पडलेला रेडिओ खिळ्याने उघडला. तिने आयुष्यात उघडलेलं ते पहिलं यंत्र. आत जिथे जिथे तांबं होतं तिथे तिथे हिरवा भुगा होता. वडील खांद्यावरून वाकून म्हणाले, "यो आपलाच हाय. आपल्या कपड्यांतून आला."

दुकानाच्या पहिल्याच वर्षी तिने केगावात दिलेले दोन कॉम्प्युटर परत आले. बोर्डावरच्या भागांचे पाय कुजले होते. तिने दोन्ही लोकांना नवे बोर्ड बसवून दिले आणि त्या दिवसापासून कॅबिनेटच्या प्रत्येक जाळीला आतून बारीक विणीचं कापड लावायला सुरुवात केली. आई वेणूबाई ते कापड मापाने कापून, कडेला टीप मारून देते. वारा आत यावा, मीठ बाहेर राहावं. नवी मुंबईच्या झगमगीत दुकानांत हे मिळत नाही, हे ती गिऱ्हाइकाला हसत सांगायची.

यंदाच्या फेब्रुवारीत तिच्याकडे जसखारहून दत्तात्रेय घरत आले, तेव्हा ही पद्धत सात वर्षांची झाली होती आणि क्रांतीच्या मनात तिच्याविषयी एकही शंका उरली नव्हती.

दत्तात्रेय घरत म्हणजे बंदरावरून चाळीस फुटी कंटेनर ओढणारे ट्रेलर-ड्रायव्हर. एकतीस वर्षं चालवली. गेल्या वर्षी काचबिंदूने डावा डोळा गेला. हेवी गाडीचं लायसन्स संपलं ते पुन्हा झालं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसला, आणि ट्रेलर चालवणारा माणूस घरात बसतो तेव्हा घर फार लहान होतं, असं त्यांची मुलगी अमिषा म्हणाली. अमिषा एका शिपिंग ऑफिसात कामाला. वडिलांना तीच घेऊन आली होती. हातात एक कागद होता.

"बंदराजवळ ड्रायव्हर शिकवायचं नवीन केंद्र निघालंय, ताई," ती म्हणाली. "तिथे नवीन पोरांना आधी कॉम्प्युटरवर ट्रेलर शिकवतात. मोठा स्क्रीन, स्टिअरिंग, पेडल. त्यांना शिकवणारा माणूस पाहिजे. बाबांचं नाव तिथे सगळ्यांना माहीत आहे. पण ते बोलले, स्क्रीनवर रिव्हर्स मारून दाखवा, मग बघू. पुढच्या महिन्यात, शनिवारी एकवीस तारखेला बोलावलंय."

"स्क्रीनवर दोन डोळे आणि एक डोळा सारखाच," दत्तात्रेय म्हणाले. "कुनाला काय खोल दिसतं त्यात? सपाट हाय ते." त्यांनी हे असं सांगितलं की जणू स्क्रीनवरच्या माणसांचीच त्यांना कीव आली होती.

"म्हणून घरी सरावाला पाहिजे," अमिषा म्हणाली. "तोच ट्रकचा गेम घरी चालतो. पण चांगला कॉम्प्युटर लागतो. निकेशने यादी करून दिलीय."

निकेश म्हणजे तिचा चुलतभाऊ. यादी त्याने मनापासून केली होती. चारी बाजूंनी काचेचं कॅबिनेट, सहा रंगीत पंखे, पाण्याने थंड होणारा प्रोसेसर, बत्तीस इंची वाकलेला मॉनिटर आणि त्या वर्षी निघालेलं सगळ्यांत तगडं ग्राफिक्स कार्ड.

क्रांतीने यादी दोनदा वाचली आणि पेन उघडलं.

"काच नको. काचेतून आतलं दिसतं, पण दोन वर्षांनी आत बघण्यासारखं काय राहील? गंज. पाण्याचा कूलरही नको. त्याचा पंप बिघडला तर माणसाला मुंबई गाठावी लागते. साधा पंख्याचा कूलर घेऊ, मोठा. आणि एवढं कार्ड कशाला? ट्रक काय विमानाच्या वेगाने धावणार आहे का? मधलं कार्ड पुरेल. या गेमला प्रोसेसर चांगला लागतो, तो घेऊ. उरेल ते चांगल्या एसएमपीएसला घालू."

"ते काय?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"आतल्या सगळ्या भागांना करंट पुरवणारी पेटी. तुमच्याकडे लाइट कशी आहे?"

"येते. जाते. परत येते, ती तिच्या मर्जीने."

"मग तीच सगळ्यांत आधी."

कागदावर रेघा ओढल्या जात होत्या. अमिषाने निकेशला फोन लावून दिला. पलीकडून तो कळवळून म्हणाला, "ताई, निदान पंखे तरी रंगीत ठेवा ना. काकाला बरं वाटेल."

"मना बरंच वाटतंय," काका फोनकडे तोंड करून म्हणाले. "तू ठेव तो."

स्टिअरिंगची निवड मात्र क्रांतीने केली नाही. दुकानात दोन नमुने होते. पहिलं तिने काउंटरला घट्ट बसवून दिलं. दत्तात्रेयांनी हात ठेवले, फिरवलं, आणि ते पाऊण फेऱ्यात अडलं.

"इथंच संपलं? ही गाडी हाय का पालन्यातली हाय?"

दुसरं अडीच फेरे फिरणारं होतं. आत मोटर, हाताला उलट ओढ देणारी. त्यांनी ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश नेलं, मग चपट्या तळहाताने फिरवलं, मग सोडून दिलं आणि ते आपोआप मधे कसं येतं ते पाहिलं. त्यांचे दोन्ही अंगठे आतल्या कडेवरून सरकत होते.

"हे," ते म्हणाले.

मॉनिटरसाठी क्रांतीकडे खोक्याचे पुठ्ठे कापून ठेवलेले आहेत. चोवीस इंच, सत्तावीस, बत्तीस. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून ती एकेक पुठ्ठा समोर धरते. दत्तात्रेयांसमोर तिने बत्तीसचा धरला, त्याच्या डाव्या कडेला खडूने आरशाचा चौकोन काढला आणि म्हणाली, "समोर बघा. मान हलवू नका. आरसा दिसतो?"

"नाय."

तिने सत्तावीसचा धरला. अर्धा दिसला. मग तिने तोच पुठ्ठा चार बोटं उजवीकडे सरकवला.

"आता दिसला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "एकतीस वर्षं आरसा माज्याकडे बघायचा. आता मना त्याला शोधाया लागतं."

अमिषाने मान खाली घातली. क्रांतीने पुठ्ठ्यावर पेनाने खूण केली: सत्तावीस, सपाट, मध्यापासून उजवीकडे चार बोटं. तिला अशा वेळी काही बोलता येत नाही. मोजमाप लिहून ठेवता येतं.

जातेवेळी तिने त्यांना तार दिली. आठ दिवसांनी अमिषाने ती आणून दिली, तेव्हा क्रांतीने ती उजेडात फिरवून पाहिली. जसखारचं ते घर खाडीच्या पाणथळीकडे तोंड करून होतं आणि मागच्या अंगाला यार्डाकडे जाणारा ट्रेलरांचा रस्ता. तारेवर हिरवे ठिपके होते, शिवाय ती हाताला खरखरीत लागत होती. एवढी वाईट तार तिने त्या वर्षात पाहिली नव्हती.

"कापड दुहेरी," ती आईला म्हणाली.

वेणूबाईने चष्म्यावरून पाहिलं. "परत दुहेरी कशाला गो? जीव घुसमटंल त्याचा."

"आई, यंत्राला जीव नसतो."

पुढच्या जाळीला दुहेरी, वरच्या जाळीला दुहेरी, मागे जिथून गरम हवा बाहेर पडते तिथेही दुहेरी. भाग मुंबईहून आले, तिने एका दुपारी मांडी घालून सगळे जोडले. प्रोसेसर बसवताना ती श्वास धरते, ही तिची सवय. तिने कॉम्प्युटर दुकानात दिवसभर चालवून पाहिला. उष्णता थोडी जास्त होती, पण हद्दीत. मार्चच्या नऊ तारखेला, सोमवारी, तिने तो जसखारला नेऊन बसवला, चार बोटांचं माप घेऊन मॉनिटर सरकवला, स्टिअरिंग टेबलाला आवळलं.

पहिले पाच दिवस अमिषाचे मेसेज येत होते. बाबांनी पहिल्याच दिवशी गाडी उभी केली. बाबांनी अरुंद गल्लीत रिव्हर्स मारला. बाबा सकाळी चहा घेऊनच तिथे बसतात. शेजारचे तुकाराममामा बघायला आले आणि बाबांनी त्यांनाच शिकवायला सुरुवात केली. क्रांती प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवी आणि पुढच्या कामाला लागे.

मग मेसेज थांबले.

मंगळवारी, सतरा तारखेला, दत्तात्रेयांचाच फोन आला.

"बाय, जरा इचारायचं होतं. गाडी शेपूट बाहेर फेकते. आधी नीट जायची. आता मी स्टिअरिंग कापतो आनि ती मागाहून वलते. मी सोडतो, तरी वलतच राहते. मशिनीत काय असंल का?"

क्रांतीच्या समोर त्या वेळी एक लॅपटॉप उघडा पडला होता. तिने मनातल्या मनात सगळे भाग आठवून पाहिले. एकही ढिला नव्हता.

"मशीन चोख आहे, काका. मी स्वतः जोडलंय. सुरुवातीला असं होतं. हात बसायला वेळ लागतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हां," ते म्हणाले. "तसंच असंल."

तिने फोन ठेवला आणि स्क्रू शोधू लागली.

गुरुवारी सकाळी अमिषा स्वतः दुकानात आली. ऑफिसला जाता जाता, पाठीला बॅग तशीच.

"ताई, बाबा शनिवारी जाणार नाहीत."

"का?"

"बोलतात, डोला गेला तसा हातबी गेला. कालपासून खुर्चीवर बसले नाहीत. स्टिअरिंगवर चादर टाकून ठेवलीय." तिचा आवाज वर गेला नाही, पण ती एका दमात बोलत होती. "केंद्रात फोन करून सांग, मी येत नाय, असं मला बोलले. मी अजून केला नाही. दुपारपर्यंत थांबते. तुम्ही एकदा बघाल का?"

क्रांतीने दुकानाला कुलूप लावलं. स्कूटीवर जाताना तिला खात्री होती की स्टिअरिंगची सेटिंग कुठेतरी हलली असणार. घरात कोणीतरी बटण दाबलं असेल. ती सेटिंग सरळ करून येईल आणि अर्ध्या तासात दुकान उघडेल.

दत्तात्रेय ओट्यावर बसले होते. तिला पाहून उठले, पण आत यायला तयार नव्हते.

"कशाला उन्हात आलीस? तुजं मशीन चांगलं हाय. मानूस जुना झाला."

"एकदा बसा, काका. मला बघायचंय."

"बघन्यासारखं काय नाय."

"मी नऊ किलोमीटर आले. चहासुद्धा मागितला नाही अजून."

ते हसले नाहीत, पण आत आले. चादर काढली. कॉम्प्युटर सुरू झाला, स्क्रीनवर पिवळ्या पट्ट्यांचं आवार उघडलं. समोर गोदामाचा दरवाजा आणि त्याच्याकडे पाठ करून चाळीस फुटी ट्रेलर.

क्रांती त्यांच्या मागे उभी राहिली. तिने ट्रेलर कधी चालवला नव्हता, तरी तिला दिसत होतं की हा माणूस काय करतो आहे. शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे. किंचित. मग लगेच परत. ते आरशाकडे बघत नव्हते, आरसा आपोआप त्यांच्या नजरेत येत होता. ट्रेलर दरवाजाला सरळ लागला. पुन्हा. पुन्हा सरळ लागला. तिसऱ्यांदाही.

"काका, हे तर जमतंय."

"थांब जरा."

सतराव्या मिनिटाला चित्राने एक उचकी दिली. फार बारीक. क्रांतीला वाटलं आपली पापणी लवली. मग दुसरी. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, स्क्रीनवरचा ट्रेलर क्षणभर जागीच राहिला आणि मग एकदम वळला, जास्त वळला. त्यांनी सावरायला परत फिरवलं, तोवर उशीर झाला होता. ट्रेलरची शेपूट खांबाला लागली.

"बघितलंस?" ते शांतपणे म्हणाले. "मी देतो ते त्याला उशिरा पोचतं. असं हातातून जातं सगलं."

क्रांती स्क्रीनकडे बघत होती. ते मात्र मान कलती करून टेबलाखाली बघत होते. नव्हे, ऐकत होते.

"यो आवाज पयल्यापासून असाच हाय का गो?"

"कसला?"

"ऐक ना. नुसता ओढतोय. आत काय येत नाय." त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवलं. "गाडीचा एअर फिल्टर चोक झाला की इंजिन असंच ओरडतं. चढावर दम मारते. आपन पिकअप कुठं गेला म्हनून डिझेलवाल्याला शिव्या घालतो, आनि फिल्टरमधी अर्धा किलो धूल."

"फिल्टर आहेत ना, काका. दुहेरी कापड आहे. धूळ आत जायचा प्रश्नच नाही."

"धूल आत जात नाय ते ठीक," ते म्हणाले. "वारा जातो का?"

क्रांती खाली बसली. तिने उष्णतेचा आकडा स्क्रीनवर आणला. सत्त्याण्णव. एवढं तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, चित्र मागे पडतं, आणि माणसाला वाटतं आपला हात मागे पडला. हे तिला माहीत होतं. हे ती दुसऱ्यांना समजावून सांगायची.

तिने कॉम्प्युटर बंद केला, पुढची जाळी काढली, आतलं कापड सोडवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. उजेड पलीकडून आला नाही. रस्त्यावरची ट्रेलरांची धूळ कापडावर बसली होती, हवेतल्या मिठाने ओल धरली होती, आणि दहा दिवसांत त्या दोघांचा मिळून एक राखाडी लेप झाला होता, भिंतीला देतात तसा. दुकानात एक दिवस चालवून हे कळणार नव्हतं. पण इथे रस्ता आहे, इथे पाणथळ आहे, हे तारेने आधीच सांगितलं होतं. तार खरखरीत लागली होती. तिने तिच्यातलं फक्त मीठ वाचलं होतं.

मिठाला ती एवढी भ्यायली होती की तिने वाराच बंद केला होता.

दुकानात क्रांती शाळेतली मराठी बोलते. गिऱ्हाइकाशी, व्यापाऱ्याशी, फोनवर. त्या दिवशी ती जमिनीवर बसल्या बसल्या घरातलं बोलली.

"काका, चूक माजी हाय. तुमची नाय. तुमचा हात हाय तसाच हाय. मीच याचं नाक दाबलं."

दत्तात्रेयांनी तिच्या हातातलं कापड घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, बोटांचा वास घेतला.

"मग मंगलवारी फोनवर तू मना काय बोल्लीस?"

तिने मान खाली घातली नाही. त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे बघूनच म्हणाली, "हात बसायला वेळ लागतो, असं बोलले."

"दोन रात्री झोपलो नाय मी."

"व्हय."

"एकतीस वर्षांत गाडी कंदी खांबाला लावली नाय. नि तू बोल्लीस आनि मना खरं वाटलं." ते हळूच म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही, नवल वाटल्यासारखं. "माजाच हात, आनि मी तुजं ऐकलं."

तिने बाकीची दोन्ही कापडं काढली, मागचं आणि वरचं. पंखे कुंच्याने साफ केले. मग म्हणाली, "बसा. आता अर्धा तास चालवा. मी घड्याळ लावते."

ते बसले. सतरावं मिनिट आलं, गेलं. तिसावं आलं. आकडा सत्तरच्या आत राहिला. ट्रेलर सहा वेळा दरवाजाला लागला, सातव्या वेळी त्यांनी मुद्दाम तिरका घेतला, ऐनवेळी सावरला आणि दारात असा आणून ठेवला की क्रांतीच्या तोंडून "आयला" निघालं.

"आता चहा मागवू का?" त्यांनी विचारलं.

चहा पिताना दोघांनी मिळून पुढचं ठरवलं. कापड अजिबात नको असं चालणार नव्हतं. मीठ तर होतंच. दत्तात्रेय म्हणाले, गाडीला फिल्टर एकच असतो, आत ओढतं त्या बाजूला. धुराड्याला कोण फडकं बांधतं? मग क्रांतीने कागदावर काढलं: कापड फक्त पुढे, एकेरी. पुढच्या पंख्यांचा जोर मागच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे बाकीच्या फटींतून हवा बाहेरच पडत राहील, आत येणार नाही. आणि कापड आतून स्क्रूने आवळायचं नाही. बाहेरून, चुंबकाच्या पट्टीवर, हाताने निघेल असं.

"रोज सकाळी झटकायचं," दत्तात्रेय म्हणाले. "गाडीवर क्लीनर होतो तवा पयलं काम हेच शिकलो. फिल्टर काढ, टायरवर आपट."

"टायर कुठून आणणार?"

"ओट्याचा कठडा हाय की."

अमिषाला फोन त्यांनीच केला. "तो केंद्राचा फोन केलास का? नाय ना? मग ऱ्हाऊ दे." एवढंच बोलून ठेवून दिला. पाच मिनिटांनी अमिषाचा क्रांतीला मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, नुसती हात जोडल्याची सात चिन्हं.

क्रांती त्या दिवशी दुकानात परत गेली ती वही काढायला. गेल्या दोन वर्षांत तिने सात घरांत दुहेरी कापड लावलं होतं. तिने एकेक फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं. "तुमचा पीसी चालता चालता अडतो का? अडत असेल तर चूक माझी आहे. मी येऊन कापड बदलून देते." पाच जण म्हणाले, अडतो, आम्हाला वाटलं गेमच जड आहे. एक म्हणाला, मी तर त्या गेममध्ये भिकार आहे म्हणून सोडूनच दिला. त्याचा नंबर तिने सगळ्यांत वर लिहिला.

वेणूबाईला तिने फक्त एवढं सांगितलं, "उद्यापासून एकेरी शिव."

"मी बोल्ले नव्हते?" वेणूबाई सुई ओवत म्हणाली.

"बोल्ली होतीस."

शनिवारी सकाळी अकरा वाजता क्रांती केगावात होती. तो खेळ सोडून दिलेला माणूस एका हॉटेलात कोठी सांभाळतो. तिने त्याचं कॅबिनेट जमिनीवर आडवं घेतलं होतं आणि मागच्या जाळीचा तिसरा स्क्रू सोडवत होती, तेव्हा फोन वाजला. तिने तो मांडीवर ठेवून आवाज मोठा केला.

"बाय, मी दत्ता बोलतो."

"बोला, काका."

"त्यांच्याकडं स्क्रीन तीन हायती, बाजूबाजूला. डावा आरसा पार तिकडं कोपऱ्यात."

क्रांतीचा हात थांबला. हे तिला सुचलं नव्हतं.

"मग?"

"मग काय. मी बोललो, माजा यो डोला नाय, खुर्ची चार बोटं डावीकडं घ्या. त्यांनी घेतली. पयल्या झटक्यात लावला. मग बोलले, आता या पोरीला शिकवून दाखवा. एक पोरगी होती, पनवेलची. अर्ध्या तासात तिनंबी लावला. घाबरत होती. मी बोललो, हात बघू नको, शेपूट बघ." मागे कुठेतरी ट्रेलरचा खरा हॉर्न वाजला आणि त्यांनी तो जाऊ दिला. "सोमवारपासून. सकाली आठ."

"बरं झालं, काका."

"तू हायेस कुठं?"

"केगावात. कापड काढतेय."

"काढ, काढ," दत्तात्रेय म्हणाले. "नीट काढ."

तिने फोन बाजूला ठेवला आणि चौथ्या स्क्रूला पेचकस लावला.